मिकी मँटलची कार्डं समुद्रात का बुडवली? बेसबॉलच्या रूकी कार्डांची गोष्ट

(ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं अशा श्रोत्यांसाठी या भागाचं शब्दांकन.)

आज क्रिकेट बाजूला ठेवून आपण बेसबॉलकडे जाणार आहोत. बेसबॉलचे नियम माहीत नसले तरी काही बिघडत नाही, कारण आजची गोष्ट खेळाची कमी आणि पुठ्ठ्याच्या एका तुकड्याची जास्त आहे.

साल १९६०. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये टॉप्स नावाची च्युइंगगमची कंपनी होती. गमबरोबर ती खेळाडूंची चित्रं असलेली कार्डं द्यायची. तिच्या गोदामात १९५२ सालची न खपलेली कार्डं पडून होती. आठ वर्षं जागा अडवून बसलेला माल. साय बर्गर नावाचा कंपनीचा अधिकारी तो विकायचा प्रयत्न करून थकला. जत्रांमध्ये खेळ मांडणाऱ्यांनाही त्याने विचारून पाहिलं, कोणी घेईना. शेवटी त्याने ती शेकडो खोकी कचरा नेणाऱ्या बार्जवर चढवली, न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून दूर नेली आणि अटलांटिक महासागरात लोटून दिली. ही हकिगत बर्गर यांनी पुढे स्वतःच मुलाखतींमध्ये सांगितली आहे.

त्या खोक्यांमध्ये ३११ क्रमांकाचं एक कार्ड होतं. न्यूयॉर्क यांकीज संघाच्या मिकी मँटलचं. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच कार्डाची, अतिशय चांगल्या अवस्थेत राहिलेली एक प्रत लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेली. तेव्हाच्या दराने सुमारे १०० कोटी रुपये!

आता आपण म्हणणार, बिचारा बर्गर, केवढं नुकसान करून घेतलं! पण मला वाटतं प्रश्न उलटा विचारायला हवा. बर्गरने तो माल बुडवला नसता, पोरांनी आपापली कार्डं नीट जपली असती, आयांनी घर आवरताना ती फेकली नसती, तर या कार्डाला १०० कोटी आले असते का? रूकी कार्डांचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो.

रूकी कार्ड म्हणजे काय?

रूकी म्हणजे नवखा, पहिल्या हंगामातला खेळाडू. अमेरिकेत बेसबॉलची सर्वोच्च पातळी म्हणजे मेजर लीग. तिच्याखाली मायनर लीगच्या बऱ्याच पायऱ्या असतात. शाळा-कॉलेजातून निवडलेली मुलं तिथे वर्षानुवर्षं घासतात आणि त्यातली थोडीच वर पोहोचतात. वर पोहोचलेल्या खेळाडूचं मोठ्या कंपनीने काढलेलं पहिलं कार्ड म्हणजे, ढोबळमानाने, त्याचं रूकी कार्ड.

ढोबळमानाने म्हणतोय, कारण ही व्याख्या सारखी बदलत आली आहे. गंमत बघा, मँटलचं ते १०० कोटींचं कार्ड त्याचं रूकी कार्ड नाहीच. मँटल १९५१ मध्ये यांकीजकडून खेळायला लागला आणि त्याचं रूकी कार्ड त्याच वर्षी बोमन नावाच्या दुसऱ्या कंपनीने काढलं होतं. क्रमांक २५३. तेही महाग आहे, पण १९५२ च्या टॉप्सची सर त्याला नाही. ‘पहिलं’ या शब्दाला बाजारात भाव आहे खरा, पण फक्त पहिलं असून भागत नाही.

सिगारेटच्या पाकिटातला पुठ्ठा

सुरुवात तंबाखूपासून होते. १८८० पर्यंत सिगारेटी हाताने वळल्या जायच्या. मग जेम्स बॉन्सॅक या तरुणाने सिगारेट वळायचं यंत्र बनवलं आणि १८८१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. एक यंत्र दिवसाला लाखावर सिगारेटी काढू लागलं. माल बनवणं सोपं झालं, खपवणं अवघड. पाकीट मऊ कागदाचं, त्यामुळे आतल्या सिगारेटी वाकू नयेत म्हणून पुठ्ठ्याचा एक तुकडा घालायची पद्धत होती. त्या तुकड्यावर चित्र छापलं तर? गिऱ्हाईक पुन्हा तोच ब्रँड मागेल! मग नट्या, पक्षी, राजेरजवाडे, मुष्टियोद्धे आणि बेसबॉलपटू पाकिटातून घरोघरी पोहोचले.

न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीने १८८६ ते १८९० या काळात ‘ओल्ड जज’ सिगारेटीबरोबर बेसबॉलपटूंचे खरेखुरे फोटो दिले. कॅमेरे संथ होते, पळता खेळाडू टिपता येत नव्हता. म्हणून स्टुडिओत दोऱ्याने चेंडू टांगायचे आणि खेळाडू तो झेलतोय अशी पोझ घ्यायची. काही कार्डांवर तो दोरा स्पष्ट दिसतो.

१८९० मध्ये जेम्स ड्यूकने मोठ्या सिगारेट कंपन्या एकत्र करून अमेरिकन टोबॅको कंपनी उभी केली. स्पर्धाच संपली, मग चित्रांवर खर्च कशाला? कार्डं जवळजवळ बंद पडली. पुढे १९०९ ते १९११ मध्ये याच कंपनीने पुन्हा एक मोठा संच काढला. संग्राहक त्याला ‘टी २०६’ म्हणतात. पाचशेहून जास्त कार्डं, आणि त्यातलं एक पिट्सबर्ग पायरेट्सच्या होनस वॅग्नरचं.

वॅग्नर तेव्हाचा सगळ्यात मोठा खेळाडूंपैकी एक. त्याने आपलं चित्र वापरायला नकार दिला आणि छपाई थांबली. कारण काय, यावर आजही वाद चालतो. मुलांनी कार्डासाठी सिगारेटी घेऊ नयेत असं त्याला वाटत होतं, असं एक मत. कंपनी पैसे देत नव्हती म्हणून, असं दुसरं. वॅग्नर स्वतः तंबाखू खायचा, हेही खरं. आज त्या कार्डाच्या ५० ते ६० प्रती माहीत आहेत. हे कार्डही रूकी कार्ड नव्हे. वॅग्नर तेव्हा पस्तिशीचा, मुरलेला खेळाडू होता. म्हणजे त्या काळात ‘पहिलं कार्ड’ ही कल्पनाच कोणाच्या डोक्यात नव्हती. महत्त्व होतं ते दुर्मिळतेला, आणि ती दुर्मिळता एका माणसाच्या ‘नाही’मधून आली होती.

बर्डिकचे अल्बम

‘टी २०६’ हे नाव कंपनीने दिलेलं नाही. ते दिलं जेफरसन बर्डिकने. बर्डिक न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूज गावात विजेचं सामान बनवणाऱ्या कारखान्यात काम करायचा. लग्न केलं नव्हतं. संधिवाताने बोटं आखडत चालली होती. या माणसाने अमेरिकेत छापल्या गेलेल्या सगळ्या प्रकारच्या कार्डांची सूची बनवायचं मनावर घेतलं. १९३९ मध्ये त्याचा पहिला कॅटलॉग निघाला. विसाव्या शतकातल्या तंबाखूच्या कार्डांना टी, एकोणिसाव्या शतकातल्यांना एन, अशी अक्षरं आणि पुढे क्रमांक. ती पद्धत आजही चालते.

बर्डिकने आपली तीन लाखांहून जास्त कार्डं आणि छापील कागद न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन टाकले. त्यात तीस हजारांहून जास्त बेसबॉल कार्डं होती. मग आखडल्या बोटांनी तो कित्येक वर्षं म्युझियममध्ये बसून ती अल्बममध्ये चिकटवत राहिला. जानेवारी १९६३ मध्ये काम संपलं, मार्चमध्ये बर्डिक वारला.

चिकटवत राहिला, हे लक्षात घ्या. आजच्या बाजारात कार्डाच्या मागे गोंद लागला की किंमत कोसळते. बर्डिकला त्याची फिकीर नव्हती. त्याच्या सूचीत कार्डं संचानुसार लावलेली आहेत. कोणत्या खेळाडूचं पहिलं कार्ड कोणतं, हा प्रश्न तिथे येतच नाही. त्याला कार्डं बघता यायला हवी होती, पुढच्या माणसालाही बघता यायला हवी होती. हा छंदाचा एक टोकाचा प्रकार झाला. दुसरं टोक आपण आता बघू.

पाच डॉलरची पैज

१९११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तंबाखूची मक्तेदारी मोडली. पुढच्या काळात बेसबॉल कार्डांचा मुख्य साथीदार सिगारेट न राहता च्युइंगगम झाला. गिऱ्हाईकही बदललं, बापाच्या जागी पोरगा आला. १९३३ मध्ये, ऐन मंदीत, बॉस्टनची गाउडी कंपनी एका सेंटला गम आणि कार्ड विकत होती. त्या एका संचात बेब रूथची चार वेगवेगळी कार्डं होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर बोमन आणि टॉप्स मैदानात उतरल्या. १९५२ चा टॉप्सचा संच साय बर्गरने आपल्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर आखला. मोठं कार्ड, रंगीत चित्र, छापील सही, मागे खेळाडूची आकडेवारी. ४०७ कार्डं, टप्प्याटप्प्याने काढलेली. शेवटचा टप्पा, ३११ ते ४०७, बाजारात यायला उशीर झाला. हंगाम संपत आला होता, पोरं फुटबॉलकडे वळली होती, दुकानदारांनी माल उचलला नाही. मँटल या शेवटच्या टप्प्यातला. गंमत म्हणजे या टप्प्यातल्या बाकीच्या बहुतेक कार्डांपेक्षा मँटलचं कार्ड दुप्पट छापलेलं होतं! म्हणजे छपाईच्या हिशोबात ते संचातलं सगळ्यात दुर्मिळ कार्डसुद्धा नाही.

आता एक गोष्ट सांगतो जी या सगळ्या चकचकाटात मागे राहते. कार्डावर खेळाडूचं चित्र छापायचं तर त्याची परवानगी लागते. टॉप्सची माणसं मायनर लीगच्या मैदानांवर फिरायची आणि तिथल्या अठरा-वीस वर्षांच्या पोरांशी करार करायची. करार केल्याबद्दल रोख पाच डॉलर. पोरं त्याला ‘स्टेकचे पैसे’ म्हणायची, म्हणजे एका चांगल्या जेवणाचे. त्यातला कोणी मेजर लीगमध्ये पोहोचलाच तर त्याला वर्षाला १२५ डॉलर मिळायचे, किंवा तेवढ्या किमतीची एखादी वस्तू कंपनीच्या कॅटलॉगमधून निवडता यायची.

म्हणजे रूकींवर पहिली पैज संग्राहकांनी नाही लावली. ती टॉप्सने लावली, माणशी पाच डॉलर. शंभरातले नव्वद वाया गेले तरी कंपनीला परवडत होतं. १९५६ मध्ये टॉप्सने बोमन विकत घेतली आणि पुढची जवळजवळ पंचवीस वर्षं तिला तगडा प्रतिस्पर्धी राहिला नाही.

खेळाडूंच्या बाजूने हे पहिल्यांदा नीट मोजलं ते मार्विन मिलरने. पोलादकामगारांच्या युनियनमध्ये मुरलेला हा माणूस १९६६ मध्ये खेळाडूंच्या संघटनेचा प्रमुख झाला. टॉप्स दाद देईना, तेव्हा खेळाडूंनी टॉप्सच्या फोटोग्राफरसमोर उभं राहायचंच बंद केलं. म्हणून १९६९ च्या संचात जुनेच फोटो पुन्हा वापरलेले दिसतात. १९६८ च्या अखेरीस करार झाला: १२५ चे २५० डॉलर आणि वर विक्रीत वाटा. संघटनेच्या तिजोरीत आलेल्या पहिल्या मोठ्या पैशांपैकी हा एक. संग्राहक जेव्हा १९६९ चं एखादं कार्ड बघून ‘फोटो किती जुना’ म्हणतो, तेव्हा तो नकळत एका बहिष्काराचा पुरावा बघत असतो.

भाव कोणी ठरवला?

१९७० च्या दशकात पन्नाशीच्या दशकातली पोरं मोठी झाली. नोकरीला लागली, हातात पैसे आले, आणि बालपणीची कार्डं आठवायला लागली. घरी जाऊन बघतात तर आईने कधीच फेकून दिलेली! अमेरिकेत ‘माझी कार्डं आईने फेकली’ हे वाक्य एका अख्ख्या पिढीच्या तोंडी आहे. हॉटेलांच्या हॉलमध्ये कार्डांचे मेळावे भरू लागले.

पण भाव काय लावायचा? प्रत्येक गावात वेगळा. इथे जेम्स बेकेट येतो. ओहायोतल्या एका विद्यापीठात तो संख्याशास्त्र शिकवायचा. त्याने विक्रेत्यांकडून भाव मागवले, सरासऱ्या काढल्या आणि १९७९ मध्ये एका सहलेखकाबरोबर किमतींचं पुस्तक काढलं. १९८४ पासून त्याचं मासिक निघू लागलं. त्यात प्रत्येक कार्डापुढे किंमत आणि चढला-उतरला दाखवणारे बाण, अगदी शेअर बाजाराच्या पानासारखे. आणि काही कार्डांपुढे दोन अक्षरं: आरसी, म्हणजे रूकी कार्ड.

त्या दोन अक्षरांनी जादू केली. १९६३ चं टॉप्सचं ५३७ क्रमांकाचं कार्ड घ्या. त्यावर चार नवख्यांची चार मुंडकी आहेत. त्यातलं एक पीट रोझचं. निघालं तेव्हा ते सगळ्यात कंटाळवाण्या कार्डांपैकी एक असणार. ज्यांना कोणी ओळखत नाही अशी चार पोरं, तीही दाटीवाटीने! १९६८ च्या कार्डावर नोलन रायन असाच जेरी कूझमनबरोबर अर्ध्या जागेत बसलाय. पोरांना हवा होता तो नावाजलेला खेळाडू, नवखा नव्हे. नंतर रोझ आणि रायन मोठे झाले आणि तीच कार्डं त्यांच्या सगळ्या कार्डांमध्ये महाग ठरली.

इथे आजचा मुद्दा येतो. ज्यांच्याकडे ही कार्डं उरली, त्यांनी पैज लावून ती ठेवली नव्हती. ती राहून गेली होती. बुटांच्या खोक्यात, माळ्यावर. १९८० च्या दशकात ॲलन रोझेन या व्यापाऱ्याला मॅसॅच्युसेट्समधल्या एका घरात १९५२ च्या टॉप्सच्या शेवटच्या टप्प्यातली हजारो कोरी कार्डं मिळाली. तीसुद्धा न खपलेला मालच, फक्त समुद्रात जायच्याऐवजी घरात पडून राहिलेला. १९९१ मध्ये रोझेनने एक उत्तम मँटल ५०,००० डॉलरला विकला. २०२२ मध्ये १ कोटी २६ लाखांना गेला तो हाच.

आणि मग सगळ्यांनीच जपायला सुरुवात केली

१९८० मध्ये फ्लीअर कंपनीने टॉप्सविरुद्धचा मक्तेदारीचा खटला जिंकला. १९८१ मध्ये फ्लीअर आणि डॉनरस यांची कार्डं बाजारात आली. वरच्या कोर्टाने त्याच वर्षी निकाल फिरवला, गमबरोबर कार्ड विकायचा हक्क टॉप्सचाच राहिला. पण तोवर दार उघडलं होतं. फ्लीअरने गमऐवजी स्टिकर घातले, डॉनरसने जिगसॉचे तुकडे. मुलांना फरक पडला नाही, कारण गम कोणाला हवा होता?

याच सुमाराला वर्तमानपत्रांतून बातम्या येऊ लागल्या: जुनी कार्डं शेअरपेक्षा जास्त परतावा देतात. १९८४ चं डॉनरसचं डॉन मॅटिंगलीचं रूकी कार्ड वर गेलं, इतकं की त्याच्या नकली प्रती निघाल्या. त्या नकलांमुळे चिडून कॅलिफोर्नियात एक नवी कंपनी उभी राहिली. तिने १९८९ मध्ये गुळगुळीत कागद, मागे होलोग्राम आणि चकचकीत पाकीट घेऊन संच काढला. ही अप्पर डेक.

पहिल्या क्रमांकावर कोणाला घ्यायचं? कंपनीतल्या एका तरुण कर्मचाऱ्याने सुचवलं, केन ग्रिफी ज्युनिअर. १९ वर्षांचा पोरगा, मेजर लीगमध्ये एकही सामना खेळलेला नाही. सिअ‍ॅटल मरिनर्सच्या टोपीतला त्याचा फोटोसुद्धा हाताशी नव्हता, म्हणून मायनर लीगच्या टोपीचा रंग आणि चिन्ह बदलून काम भागवलं. ग्रिफी त्याच वर्षी संघात आला आणि पुढे ६३० होम रन मारून २०१६ मध्ये ९९.३ टक्के मतांनी हॉल ऑफ फेममध्ये गेला. पैज शंभर टक्के जिंकली!

तरी त्या कार्डाचं मँटल झालं नाही. का? कारण ग्रिफी कोणीच फेकला नाही. पाकिटातून निघाल्या निघाल्या लोकांनी तो प्लास्टिकमध्ये घातला. आज त्याच्या चांगल्या प्रती ढिगाने मिळतात. एक अगदी निर्दोष प्रत सोडली तर सर्वसामान्य माणसाला परवडेल असं ते कार्ड आहे.

आणि ही तर जिंकलेली पैज. हरलेल्यांचं काय? १९९१ मध्ये यांकीजने ब्रायन टेलर या गोलंदाजाला, बेसबॉलच्या भाषेत पिचरला, सगळ्यांच्या आधी निवडलं आणि १५ लाख ५० हजार डॉलर दिले. टॉप्सने लगेच त्याचं कार्ड काढलं आणि लोकांनी ते गठ्ठ्याने घेतलं. १९९३ च्या डिसेंबरात एका भांडणात टेलरचा खांदा जायबंदी झाला. तो मेजर लीगमध्ये एकही सामना खेळला नाही.

त्या वर्षांत नक्की किती कार्डं छापली, कंपन्यांनी कधी सांगितलं नाही. पण अमेरिकेतल्या असंख्य घरांत आजही न फोडलेली खोकी आहेत. मुलगा मोठा झाला की कॉलेजची फी निघेल, म्हणून आईबापांनी घेऊन ठेवलेली. १९९४ मध्ये खेळाडूंचा संप झाला, वर्ल्ड सिरीज रद्द झाली, लोकांचं मन उडालं, दुकानं बंद पडली. संग्राहक त्या काळाला ‘जंक वॅक्स’ म्हणतात. वॅक्स म्हणजे पाकिटाचा मेणकागद, जंक म्हणजे भंगार. समुद्रात बुडवण्याइतका माल पुन्हा तयार झाला होता, फक्त या वेळी तो लोकांनी स्वतःच्या पैशाने विकत घेतला होता.

डबीतलं कार्ड

मग दुर्मिळता आणायची कुठून? एक उत्तर मिळालं ग्रेडिंगमध्ये. पीएसए ही कंपनी १९९१ मध्ये सुरू झाली. तुम्ही कार्ड पाठवायचं. त्यांनी कोपरे, कडा, छपाई मध्यावर आहे का हे तपासून १ ते १० मध्ये गुण द्यायचे आणि प्लास्टिकच्या डबीत सील करायचं. कार्ड लाखो असतील, पण दहापैकी दहा थोडेच. डोळ्यांना न दिसणाऱ्या फरकावर किंमत अनेक पटींनी बदलते.

पीएसएने अगदी सुरुवातीला तपासलेलं कार्ड म्हणजे एक होनस वॅग्नर. आइस हॉकीचा सम्राट वेन ग्रेट्झकी आणि त्याचा भागीदार यांनी १९९१ मध्ये ते ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतलं होतं. गुण मिळाले ८. इतक्या जुन्या कार्डाच्या कडा इतक्या धारदार कशा, अशी कुजबुज वर्षानुवर्षं चालली. २००७ मध्ये ते २८ लाखांना विकलं गेलं. २०१३ मध्ये बिल मॅस्ट्रो या लिलावदाराने कोर्टात कबूल केलं की विकण्याआधी त्याने त्या कार्डाच्या कडा कापल्या होत्या. लिलावात खोट्या बोली लावल्याच्या गुन्ह्यासाठी त्याला २० महिन्यांची शिक्षा झाली.

जगातलं सगळ्यात प्रसिद्ध कार्ड कात्रीतून गेलेलं निघालं, तरी बाजार कोसळला नाही. २०२२ मध्ये वॅग्नरची दुसरी, बरीच मळलेली प्रत ७२ लाख ५० हजार डॉलरला गेली. मळलेली असली तरी ती कोणी कापलेली नव्हती.

टंचाई कारखान्यात बनते

दुसरं उत्तर कंपन्यांनी काढलं: कार्ड मुळातच एकच छापायचं. आजच्या पाकिटात साध्या कार्डांबरोबर क्रमांक घातलेली, सही केलेली, आणि ‘एकातलं एक’ अशी कार्डं असतात. २००६ पासून नियमही झाला. मेजर लीग संघात आल्याशिवाय अधिकृत रूकी कार्ड नाही, आणि आलं की त्यावर आरसीचा शिक्का.

पण बाजाराला तेवढी वाट बघवत नाही. माईक ट्राउटची २००९ मध्ये निवड झाली तेव्हा तो १७ वर्षांचा होता. त्याच वर्षी निघालेलं, त्याच्या सहीचं, जगात एकच असलेलं कार्ड ऑगस्ट २०२० मध्ये ३९ लाख डॉलरच्या वर गेलं. अधिकृत रूकी कार्ड त्याचं २०११ चं. म्हणजे पुन्हा मँटलसारखंच, सर्वात महाग कार्ड रूकी कार्ड नाहीच. मँटलच्या वेळी पैज नंतरच्या कार्डावर गेली, ट्राउटच्या वेळी आधीच्या.

आता तर नवख्या खेळाडूच्या पहिल्या सामन्यात बाहीवर खास बिल्ला शिवतात आणि सामन्यानंतर तोच कापून एका कार्डात बसवतात. पिट्सबर्ग पायरेट्सचा, म्हणजे वॅग्नरच्याच संघाचा, पिचर पॉल स्कीन्स ११ मे २०२४ ला पहिला सामना खेळला. त्याचं हे बिल्ल्याचं कार्ड लॉस एंजेलिस भागातल्या ११ वर्षांच्या एका मुलाला नाताळच्या पाकिटात मिळालं. पायरेट्सने ३० वर्षांची सीझन तिकिटं देऊ केली. घरच्यांनी लिलाव निवडला, मार्च २०२५ मध्ये ११ लाख १० हजार डॉलर आले. मुलाचं मला बरंच वाटतं. पण तसलं कार्ड एकच होतं, आणि पाकिटं विकत घेणारे कित्येक लाख.

याच पायरेट्सचा आपल्याशीही एक धागा आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना या संघाने करारबद्ध केलं. क्रिकेटमधला रिंकू वेगळा. त्यांच्यावर पुढे ‘मिलियन डॉलर आर्म’ हा सिनेमाही आला. दोघंही मायनर लीगच्या पुढे गेले नाहीत, त्यामुळे आरसीच्या शिक्क्याचा प्रश्नच आला नाही. सिनेमा निघाला, अधिकृत रूकी कार्ड नाही. मायनर लीगमधल्या बहुतेक सगळ्यांची गोष्ट अशीच संपते, फक्त त्यांच्यावर सिनेमे निघत नाहीत.

तर सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. कार्डं जपली असती तर मँटल १०० कोटींचा झाला असता का? नाही. तो महाग झाला, कारण एका पिढीने त्याला खेळणं समजून वापरलं. सायकलच्या चाकात अडकवलं, भिंतीवर आपटून खेळलं, हरवलं. वॅग्नर एका नकारामुळे उरला, मँटल एका खपाच्या घोटाळ्यामुळे. पुढच्या पिढीने गुंतवणूक म्हणून कार्डं जपली आणि त्याच जपण्याने त्यांची किंमत गेली.

म्हणून कोणी मला विचारलं की आत्ता एखाद्या नवख्याची कार्डं घेऊन ठेवू का, तर मी म्हणेन, खेळाडू आवडत असेल तर जरूर घ्या. मुलांना हाताळू द्या, कोपरे दुमडले तर दुमडू द्या. मुलाच्या फीसाठी मात्र बँकेत जा.

आजच्यासाठी एवढंच. तुमच्या घरी काड्यापेट्यांची छापं, तिकिटं, क्रिकेटपटूंची चित्रं असं काही माळ्यावर राहून गेलं असेल तर आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.